पोटखराबा

खूण कुठे टाकायची ती जागा मशीनने दाखवली. मजूर सब्बल घेऊन पुढे सरकला, तेवढ्यात बाभळीखाली बसलेले म्हातारे बाबाजी, गावचे गायकी म्हणजे गुराखी, ओरडले, “साहेब, तिथं पाय नोका ठेवू! अंडे हायेत तिथं!”

आम्ही थबकलो. समोर नुसता मुरूम होता. तांबूस खडे, वाळलेल्या शेणाचे तुकडे, उन्हाने पांढरी पडलेली गवताची खुंटं. पाच मिनिटं मी त्या जागेकडे पाहत उभा होतो आणि मला काही म्हणता काही दिसत नव्हतं. शेवटी बाबाजी उठून आले आणि काठीचं टोक जमिनीपासून वीतभर वर धरून म्हणाले, “हे पाहा. चार हायेत.”

मग एकदम दिसली. तळहाताएवढा उथळ खळगा, त्याच्या कडेने वेचून मांडल्यासारखे बारीक खडे आणि मध्ये चार अंडी, निमुळती टोकं आत वळवून फुलीसारखी ठेवलेली. रंग मुरमाचाच, त्यावरचे ठिपकेही खड्यांच्या सावल्यांसारखे. नजर जरा हलली की पुन्हा सगळा मुरूम. त्या अंड्यांपासून माझा बूट दोन वितींवर होता.

तीसेक पावलांवर पक्षी उभा होता. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढून लोंबणारी पिवळी गाठ, लांब पिवळे पाय. माळटिटवी. पाणवठ्याकाठची तांबड्या गाठीची टिटवी माणूस दिसला की सगळं रान गोळा करते. ही मात्र मुकाट्याने अंड्यांवरून उठते, चालत दूर जाते आणि आपण निघून जायची वाट बघत उभी राहते. म्हणूनच ती दिसत नाही, आणि म्हणूनच तिची अंडी पायाखाली जातात.

ही २००९च्या एप्रिलमधली गोष्ट. जागा वर्धा जिल्ह्यातली, आर्वी आणि कारंजा (घाडगे) यांच्या मधल्या माळावरची. मी भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारा. तेव्हा नोकरीची एकवीस वर्षं झाली होती. एकवीस वर्षं मी हाच जिल्हा पायांनी मोजला होता, आणि त्या दिवशी मला कळलं की मी तो पाहिलाच नव्हता.

हद्दीची ती खूण नेमकी खळग्यावर येत होती. दोन्ही बाजूंचे लगतधारक हजर होते. त्या धुऱ्यावरून त्यांचा सात वर्षं कोर्टात वाद चालला होता आणि एकमेकांशी बोलणं बंद होतं. मी दोघांनाही अंडी दाखवली. फुटायला किती दिवस लागतील, असं एकाने विचारलं. बाबाजी म्हणाले, “महिना धरा.” थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्यांच्यातला थोरला म्हणाला, “सात वर्सं थांबलोच हाव, अजून एक महिना थांबू.” दुसऱ्याने मान हलवली. बाकीच्या खुणा आम्ही त्याच दिवशी टाकल्या. तेवढी एक पुढच्या तारखेवर ठेवली आणि पंचनाम्यावर दोघांनी शेजारी शेजारी सह्या केल्या.

आमच्या कामात जमिनीला नावं असतात. जिरायत, बागायत, पड. सातबाऱ्यावर लागवडीलायक क्षेत्राखाली एक ओळ असते, पोटखराबा. गटाच्या पोटात जो तुकडा नांगराखाली येऊ शकत नाही, खडकाळ आहे, नाल्यात गेला आहे, तो पोटखराबा. त्यातही ‘अ’ आणि ‘ब’ असे वर्ग आहेत. निसर्गतःच पिकत नाही तो ‘अ’, आणि रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक वापरात गेलेला ‘ब’. आकारणीच्या हिशेबाला ही व्यवस्था बिनचूक आहे. पिकत नाही, मग सारा कसला लावायचा? पण ‘खराबा’ हा शब्द रोज लिहून लिहून हाताला सवय होते आणि हातातून तो डोळ्यांत उतरतो. पुढे त्या तुकड्यावर उभं राहिलं तरी तिथे काही असेल, असं मनातच येत नाही.

गावाच्या सामाईक जमिनीचं नाव आणखी वेगळं. आमच्याकडे ती ‘झुडपी जंगल’. मध्य प्रांतात मालगुजारी होती तेव्हापासून गावाच्या कडेची मुरमाड, बरड जमीन ढोरांना चरायला, काड्या-काटक्यांना, गवत कापायला मोकळी असे. निस्तार म्हणतात तो हाच हक्क. १९५१मध्ये मालगुजारी संपली आणि या जमिनी सरकारजमा झाल्या. १९५६मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, आणि महसुली दप्तरात यातल्या कितीतरी जमिनींवर ‘झुडपी जंगल’ ही नोंद राहून गेली. झाडं धरत नाहीत म्हणून पुरतं जंगल नाही, पीक येत नाही म्हणून वावर नाही. हिवर, बोराटी, तरवड, अधूनमधून पळस, आणि बाकी गवत. वनवाल्यांना ती वनाच्या मानाने उणी वाटे आणि महसूलवाल्यांना शेताच्या मानाने. तिच्या स्वतःच्या मानाने तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

माझ्या हातून झालेली चूक इथे सांगितली पाहिजे. नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष होतं. प्लेन टेबल आणि साखळीचे ते दिवस. फेब्रुवारीत एका माळावर रेष टाकायची होती, पण कमरेएवढ्या वाळल्या गवतातून समोरचा झेंडा दिसेना. गवत पेटवून लाईन मोकळी करू का, असं मजुरांनी विचारलं. मी हो म्हटलं. वारा नव्हता, तासाभरात पट्टा काळा झाला आणि संध्याकाळपर्यंत मोजणी संपली. साखळी गुंडाळताना राखेत पाच अंडी दिसली. लाव्याची असावीत. मूळची पांढरट अंडी काळी पडून तडकली होती. मी ती बुटाने बाजूला सारली आणि निघालो. त्या वेळी मला फारसं वाईटही वाटलं नाही. वाईट वाटायला जे डोळे लागतात ते मला बाबाजींनी दिले, पुढे वीसेक वर्षांनी. त्यानंतर ती पाच अंडी मी विसरू शकलेलो नाही.

बाबाजी गावची ढोरं राखत. सकाळी आखरावर ढोरं जमली की घेऊन निघायचे ते दिवस मावळता परत. त्यांच्या कळपात बऱ्याच गवळाऊ गाई होत्या. पांढऱ्या, सडपातळ, लांब तोंडाच्या आणि पायाला वाऱ्यासारख्या. ही वर्ध्याची स्वतःची जात. आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातल्या माळांनी ती घडवली आणि नंदगवळ्यांनी सांभाळली. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस सगळं सोडून वर्ध्यात गोसेवा हेच काम धरलं होतं. पण गाईची जात टिकवायची म्हणजे आधी तिचा माळ टिकवावा लागतो, हे आपल्या लक्षात फार उशिरा आलं. कळप चालतो तिथे खुरांनी गवत आटोक्यात राहतं, शेणात किडे होतात, किड्यांमागे पक्षी येतात. माळटिटवीने अंडी घातली होती तीही वाळल्या शेणाच्या तुकड्यांमध्येच. गाय, गवत आणि टिटवी ही तीन वेगळी खाती नाहीत, हे मला एका निरक्षर माणसाने उभ्या उभ्या शिकवलं.

पुढे आसपास मोजणी असली की मी तासभर आधी जाऊन बाबाजींबरोबर बसायचो. त्यांनी मला आधी बसायला शिकवलं. “तुमी चालता म्हनून तुमाले दिसत नाई,” ते म्हणत. बसलं की अर्ध्या तासात माळ आपल्याला विसरतो आणि आपापल्या कामाला लागतो. मुरमाच्या रंगाचा एक पक्षी दहा पावलं पळतो, थांबतो, वाकून काहीतरी उचलतो, पुन्हा पळतो. तो धाविक. चिमणीएवढा एक पक्षी पंख थरथरवत सरळ वर चढतो आणि पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो. जमिनीवर आपटणार असं वाटतं तोच पुन्हा वर उसळतो, आणि अशा लाटा घेत घेत एखाद्या ढेकळावर उतरतो. त्याचं नाव डोंबारी. ज्याने हे नाव ठेवलं त्याने दोरावरचा खेळ आणि माळावरचा हा खेळ दोन्ही मन लावून पाहिले असणार.

पखुर्ड्यांची गोष्टही त्यांनीच सांगितली. सकाळी ठरल्या वेळी पखुर्ड्यांचा थवा नाल्यातल्या डोहावर येतो. पिलं झाली की नर पोट पाण्यात बुडवून पिसं भिजवतो आणि तसाच उडत पिलांकडे जातो. पिलं त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी पितात. मला ही लोककथा वाटली होती. नंतर पुस्तकांत वाचलं, शब्दशः खरं आहे. त्या दिवसापासून बाबाजींचं बोलणं मी वहीत उतरवून घेऊ लागलो.

त्याच वर्षी मला आणखी एक उमगलं. आमची मोजणी दिवाळीनंतर सुरू होते आणि पावसाळा लागला की थांबते. पावसात वावरात पीक असतं, चिखल असतो, मशीन लावता येत नाही. म्हणजे माळाबद्दल दप्तरात जे काही लिहिलं गेलं, ते बहुतेक सगळं माळ सुकलेला असताना लिहिलं गेलं. एप्रिलमधला बरड पाहून कोणीही ‘पड’च लिहील. त्या ऑगस्टमध्ये एका रविवारी मी मशीन, नकाशा, मजूर असं काही न घेता त्याच जागी गेलो.

मला जागा ओळखता आली नाही. हद्दीचे दगड गवतात बुडाले होते. पवन्या, मारवेल, तिखाडी, कुसळी. चार पावलांवर गवताची जात बदलत होती आणि तिखाडी पायाखाली चुरगळली की तिचा उग्र वास वर येत होता. कडेला बाया तरोट्याची कोवळी भाजी खुडत होत्या. बोराटीवर कळलावीची लाल-पिवळी फुलं चढली होती. गवतातून चित्रांग तितर घोगऱ्या आवाजात ओरडत होते. एक इथून, दुसरा पलीकडच्या उतारावरून, तिसरा पार नाल्याकडून. एकही दिसत नव्हता आणि सगळा माळ त्यांनी भरला होता. एप्रिलमध्ये ज्या नाल्यात धूळ उडत होती तिथे पाणी वाहत होतं, तेही गढूळ नाही, गवताच्या मुळांतून गाळून आल्यासारखं नितळ. खालच्या गावच्या विहिरींना पाणी कुठून येतं हे त्या दिवशी डोळ्यांना दिसलं. माझ्या नकाशात या सगळ्यासाठी एकही चिन्ह नव्हतं. विहिरीला आहे, देवळाला आहे, झाडाला आहे. गवताला नाही.

हिवाळा आणखी वेगळा. तेव्हा गवत पिवळं पडलेलं असतं आणि कुसळी मोज्यांत शिवून बसते. एकदा कंटाळून मी एक कुसळ मोज्यातून उपटलं आणि थुंकी लावून तळहातावर ठेवलं. वाळलेली ती शेपटी ओल लागताच हळूहळू पीळ सोडत फिरू लागली, घड्याळाच्या काट्यासारखी. ओल लागली की फिरायचं, वाळलं की उलटं फिरायचं, आणि असं करत बी जमिनीत रुतवायचं. मुरमाड जमिनीत नांगर चालत नाही म्हणून आपण तिला खराबा म्हटलं. त्याच जमिनीत हे गवत स्वतःच स्वतःची पेरणी करतं.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी बाबाजी मला मुद्दाम थांबवून घेऊन गेले. सूर्य टेकला आणि पश्चिमेकडून लांब पंखांचे शिकारी पक्षी येऊ लागले. गवतावर जेमतेम पुरुषभर उंचीने, पंख किंचित वर धरून, तरंगत. नर फिकट राखी, माद्या तपकिरी. भोवत्या. फेऱ्या मारत, भोवत भोवत ते एकेक करून गवतात उतरले आणि दिसेनासे झाले. झाडावर कोणीच बसलं नाही. हे पक्षी मध्य आशियाच्या गवताळ मैदानांतून येतात, इथे हिवाळा काढतात, नाकतोडे आणि उंदीर खातात, आणि रात्री अशा उंच गवतात जमिनीवरच झोपतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला इथे एकच गोष्ट हवी असते, न पेटवलेलं, न कापलेलं गवत. मी मोजलेले भोवत्ये सतरा होते. अंधार पडला तरी आम्ही दोघं हललो नाही, कारण उठलो असतो तर ते उठले असते. मी गवत पेटवायला लावलं होतं तो काळा पट्टा तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आला. तिथेही कोणी झोपायला आलं असेल त्या रात्री.

या जिल्ह्याचं जंगल म्हटलं की लोक बोरचं नाव घेतात. ते रास्तच आहे. बोर अभयारण्य १९७०चं, २०१४मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं, आणि वाघाला कोणी खराबा म्हणत नाही. पण माळाचे प्राणी माळाबरोबर जातात. वर्ध्याला लागून असलेल्या वरोरा-भद्रावतीच्या भागात माझ्या नोकरीच्या काळात माळढोक दिसत असे. आज देशात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास, आणि तेही बहुतेक राजस्थानात. माळढोकाची मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्या एका अंड्याशेजारून किती बूट गेले असतील याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

माळ मोडतो तो दरवेळी वाईट हेतूनेच मोडतो असं नाही. माझ्या पाहण्यातल्या एका माळावर हौसेने झाडं लावली गेली. चर खणले, ओळीने खड्डे घेतले, रोपं लावली. लावणारे प्रामाणिक होते, त्यांनी उन्हात राबून काम केलं. पण वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली खडक. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक रोपं वाळली. उकरलेला मुरूम गवतावर पसरला आणि ते गवत पुन्हा तसं आलं नाही. धाविकाची एक जोडी मी तिथे दरवर्षी पाहत असे. त्यानंतर ती दिसली नाही. हिरवं म्हणजे झाड, ही समजूत आपण शाळेपासून घेऊन येतो. गवताने धरलेली माती, मुरवलेलं पाणी, जगवलेली ढोरं आपल्याला हिरवाईत धरता येत नाहीत.

म्हणून २२ मे २०२५च्या निकालाची बातमी मी दोन-तीनदा वाचली. पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली ८६,४०९ हेक्टर झुडपी जंगलं वनजमीनच समजावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. १२ डिसेंबर १९९६च्या आधी ज्या जागा घरांसाठी, शाळांसाठी, स्मशानभूमीसाठी दिल्या गेल्या, त्या नियमित करून घेण्याची वाटही ठेवली. ते आवश्यक होतं. झुडपी जंगलाच्या नोंदीवर पिढ्यानपिढ्या राहणारी घरं मी स्वतः मोजली आहेत. दारातली तुळस धरून उभी असलेली बाई विचारते, “साहेब, आमची जागा निघनार का नाई?” तेव्हा तिच्यापुढे पक्ष्यांची यादी वाचता येत नाही. तिचं घर सुटावं आणि माळही राहावा, इतकी जागा या जिल्ह्यात नक्की आहे. तीस वर्षं मोजून मी हे सांगतो.

पण जंगल म्हटलं की झाडं लावा, असा अर्थ मात्र आता कोणी काढू नये. झुडपी जंगलाला झुडपी जंगलच राहू द्यावं. गवत पेटवू नये. एक भाग चरायचा, दुसरा राखायचा, पुढच्या वर्षी उलट, ही जुनी रीत गावाने आणि गायकीने ठरवावी. ज्यांची ढोरं तिथे चरतात त्यांना बाहेर काढून माळ वाचत नाही.

नावांनी फरक पडतो, हे मी पाहिलं आहे. वर्धा शहराने मतदान घेऊन आपला शहरपक्षी निवडला तेव्हा नीलपंख निवडून आला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो हा नीळकंठ, मोकळ्या माळावर तारेवर बसून किडे टिपणारा. त्यानंतर पोरं तो बोट दाखवून ओळखू लागली. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली. १८ जून २०२५ला ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा महाराष्ट्र पक्षी सप्ताह म्हणून पाळतो. त्या आठवड्यात मी शाळांत जातो. मुलांना आधी सातबारा दाखवतो, पोटखराब्याची ओळ वाचून घेतो आणि मग माळावर नेऊन बसवतो. आधी बसवतो, दुर्बीण नंतर देतो.

बाबाजी आता नाहीत. त्यांच्या गावात आखर आहे, ढोरं कमी झाली.

ती राहिलेली खूण टाकायला आम्ही २००९च्या मे अखेरीस गेलो. दोन्ही लगतधारक आमच्या आधी येऊन थांबले होते, एकाच बाभळीखाली. खळगा रिकामा होता. टिटवीची पिलं अंड्यातून निघाली की काही तासांत चालू लागतात. दगड रोवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. काम झाल्यावर थोरला बराच वेळ त्या खळग्याकडे पाहत राहिला. “आता जातीन कुठं थे?” त्याने विचारलं.

बाबाजी हसले. समोरच्या मुरमाकडे काठी करून म्हणाले, “जातीन कुठं? इथंच हायेत. तुमाले दिसत नाई.”